घरातल्या दोन कुत्र्या अचानक एकमेकींवर तुटून पडू लागल्या तर

भुसावळच्या एका गृहिणीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात दोन कुत्र्या आहेत. राणी ही आठ वर्षांची लॅब्रॅडॉर, तिची नसबंदी फार पूर्वीच झालेली. लाली ही अडीच वर्षांची गावठी, यावल तालुक्यातल्या त्यांच्या मळ्यात पिल्लू असताना सापडली आणि घरीच वाढली. दोन वर्षे दोघी एकाच गोणपाटावर झोपत. होळीच्या सुमारास लाली माजावर आली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नणंदा मुलाबाळांसह माहेरी आल्या आणि त्याच आठवड्यात एका दुपारी कूलरसमोर दोघींची पहिली झुंज झाली. नंतर आणखी तीन झाल्या आणि प्रत्येक झुंज आधीच्यापेक्षा मोठी होती. राणीचा कान फाटला आणि कालच्या झुंजीत सोडवायला गेलेल्या सासूबाईंच्या मनगटात दात रुतले. शेजारी म्हणतात की एकदा काय ते होऊन जाऊ द्या, थोरली कोण ते ठरले की आपोआप शांत होतील. सासरे म्हणतात की लालीला मळ्यात नेऊन बांधा. पत्राच्या शेवटी सहज म्हणून लिहिले आहे की लाली हल्ली मुलीची कापडी बाहुली तोंडात धरून खाटेखाली जाऊन बसते. माझ्या मते हे साऱ्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे आणि त्याचा विचार पुढे सविस्तर करतो.

कुत्र्यांचे पाहण्याआधी सासूबाईंच्या मनगटाचे पाहावे. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुतली नसेल तर हे वाचून होताच धुवावी आणि आजच सरकारी रुग्णालयात जावे. कातडीच्या आत दात रुतून रक्त आले असेल तर ती तिसऱ्या श्रेणीची जखम धरली जाते आणि तिला रेबीजच्या लसीबरोबर जखमेत व जखमेभोवती द्यायचे प्रतिद्रव्य, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनही लागते. कातडीत द्यायची लस पहिल्या दिवशी (तो शून्य धरून), मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असते. कुत्री घरची आहे, तिला दरवर्षी लस देतो, एवढ्या आधारावर हे टाळू नये. काय द्यायचे आणि काय नाही हे डॉक्टरांना ठरवू द्यावे. आमच्या भागात अजूनही अशा जखमेवर मिरचीची पूड, चुना किंवा हळद भरतात. त्याने विषाणू मरत नाही, जखम मात्र चिघळते आणि धुण्याचा मोलाचा वेळ वाया जातो.

आता कुत्र्याच पिसाळल्या आहेत का, ही शंका. वागणुकीत अचानक बदल झाला की आपल्या देशात ही शंका आधी घ्यावीच लागते आणि ती घेण्यात भित्रेपणा काही नाही. आपण लिहिता त्यावरून ती शक्यता फार कमी वाटते. रेबीजची लक्षणे दिसू लागली की आजार थांबत नाही. आवाज बदलतो, लाळ गळते, गिळता येत नाही, खालचा जबडा लोंबू लागतो, मागचे पाय लटपटतात आणि साधारण दहा दिवसांच्या आत प्राणी दगावतो. आपल्याकडे पहिल्या झुंजीला तीन आठवडे होत आले आहेत, दोघी नीट खातात-पितात, माणसांशी पूर्वीसारख्याच प्रेमाने वागतात आणि दोन झुंजींच्या मधल्या काळात त्यांच्यात वावगे काही दिसत नाही. तरीही चावा झाला आहे, म्हणून दोघींची लसीची कार्डे काढून तारखा पाहाव्यात आणि चाव्यापासून दहा दिवस दोघींवर बारीक लक्ष ठेवावे. वरच्यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी त्या कुत्रीला हात न लावता खोलीत बंद करून पशुवैद्यकांना बोलवावे.

आजपासूनच करायची गोष्ट म्हणजे दोघींना पूर्णपणे वेगळे ठेवणे. वेगळे म्हणजे एकीला साखळीने खांबाला बांधणे आणि दुसरीला मोकळे सोडणे नव्हे. बांधलेल्या कुत्रीला मागे हटता येत नाही, पळून जाता येत नाही, त्यामुळे दुसरी जवळ आली की चावण्याखेरीज तिच्यापाशी उपाय उरत नाही. साखळीवरची कुत्री अधिक आक्रमक होते ती यामुळेच. वेगळे म्हणजे मध्ये बंद दार. एक आतल्या खोलीत तर दुसरी ओसरीवर किंवा गच्चीच्या खोलीत, आणि दिवसातून दोन-तीनदा अदलाबदल, म्हणजे दोघींनाही माणसांचा सहवास मिळतो. घरात मुले असतील तर एका दारावर विसंबू नये, कारण मूल धावत येते आणि दार उघडे राहते. दोघींच्या मध्ये कायम दोन अडसर असावेत; एक दार आणि दुसरी लाकडी किंवा लोखंडी जाळी. ही व्यवस्था निदान दोन आठवडे चालवावी लागेल. झुंजीनंतर शरीरात उसळलेला ताण तासाभरात उतरत नाही, त्याला काही दिवस लागतात आणि त्या दिवसांत एकमेकींचा नुसता वासदेखील पुन्हा ठिणगी पाडायला पुरतो. आपल्या चार झुंजींपैकी शेवटच्या दोन एका दिवसाच्या अंतराने झाल्या, त्याचे एक कारण हेच असावे.

यानंतर मूळ प्रश्नाकडे येतो. वर्षानुवर्षे गोडीने राहिलेल्या दोन कुत्र्या अचानक भांडू लागल्या की मी शिस्त, प्रशिक्षण वा स्वभाव यांचा विचार नंतर करतो आणि दोघींचे शरीर आधी तपासतो. एकीला कुठेतरी दुखत असते आणि ते घरच्यांच्या लक्षात आलेले नसते, हे इतक्या वेळा निघते की त्यावाचून दिलेला कोणताही सल्ला मला अपुरा वाटतो. कुत्रा दुखणे लपवतो. तो विव्हळत नाही, लंगडतही नाही. फक्त पूर्वी खपवून घेत असे ते आता खपवून घेत नाही.

राणी आठ वर्षांची लॅब्रॅडॉर आहे. या जातीत खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक ढिलेपणा पुष्कळ आढळतो आणि वयाबरोबर तिथे संधिवात बसतो. वजन जास्त असेल तर तो लवकर बसतो. डॉक्टरांकडे नेण्याआधी आपण घरीच एक गोष्ट पाहू शकता. दुपारी राणी फरशीवर पसरून झोपलेली असताना तिला न शिवता दुरून हाक मारावी आणि ती कशी उठते ते मोबाइलवर टिपून ठेवावे. निरोगी कुत्रा एका झटक्यात उठतो. खुबा दुखणारा कुत्रा आधी पुढचे पाय रोवून बसता होतो, क्षणभर थांबतो, मग पुढच्या पायांवर भार घेऊन मागचे अंग ओढून वर आणतो आणि पहिली चार-दोन पावले आखडून टाकतो. ओसरीच्या पायऱ्या चढताना ती दोन्ही मागचे पाय सशासारखे एकदम उचलते का, बसताना एक पाय बाजूला टाकते का, हेही पाहावे. आता कल्पना करा की अशी कुत्री कूलरसमोर पडली आहे आणि अडीच वर्षांची दणकट लाली नेहमीच्या सवयीने धावत येऊन तिच्या कमरेवर आदळते. दोन वर्षांपूर्वी तो खेळ होता, आज ती कळ आहे. राणी अंग ताठ करते, तोंड मिटते, डोळ्यांचे पांढरे दाखवत लालीकडे रोखून पाहते. घरच्यांना यातले काहीच दिसत नाही, त्यांना दिसते ते त्यानंतर लालीने घेतलेले तोंड. म्हणून ‘लाली विनाकारण अंगावर जाते’ हे आपले निरीक्षण मी खोटे म्हणत नाही, पण ते अर्धे आहे असे मला वाटते.

खुब्यांबरोबर आणखी काही जागा तपासून घ्याव्यात. लॅब्रॅडॉरचे कान लोंबते असल्याने आत बुरशी आणि जंतूंची लागण वारंवार होते. कानाला आंबूस वास येत असेल किंवा ती सारखे डोके झटकत असेल तर ते दुखणे झुंजीच्या आधीचेही असू शकते. दात, शेपटीखालच्या गुदग्रंथी, मानेचा आणि पाठीचा कणा पाहावा. नजर अधू झाली असेल तर दुसरी जवळ आल्याचे कळत नाही आणि दचकून चावा घेतला जातो. वागणूक बदलली की थायरॉइडचा संशय घेण्याची प्रथा आहे. वजन वाढले असेल, केस विरळ झाले असतील तर ती तपासणी जरूर करावी, पण केवळ थायरॉइडच्या गोळीने आक्रमकता जाईल अशी आशा धरू नये, कारण त्या संबंधाचा पुरावा कच्चा आहे. खाजेसाठी स्टेरॉइड चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे. त्या औषधाने भूक बेसुमार वाढते, कुत्रा चिडचिडा होतो आणि कधी नव्हे ते ताटावरून गुरगुरू लागतो.

आपल्याकडची दुसरी मोठी शंका म्हणजे गोचीड ताप, आणि ही दोघींच्याही बाबतीत घ्यावी. लाली मळ्यात जाते-येते, तेव्हा गोचीड घरात येत असणारच. गोचिडांतून शिरणाऱ्या एर्लिकिया आणि बॅबेसिया या जंतूंमुळे ताप येतो, रक्तातील प्लेटलेट उतरतात, एर्लिकियात सांधेही दुखू शकतात आणि कुत्रा दिवसेंदिवस कुरबुरत राहतो, तरी खाणेपिणे पुरते सुटत नाही. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, त्यामुळे अंगाला हात लावून ताप कळत नाही, थर्मामीटरच लागतो. रक्ताची साधी तपासणी आणि गोचीड तापाची चाचणी आता जळगाव-धुळ्यासारख्या शहरांत होते. उपचार डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस पुरे करावेत. एर्लिकियासाठी डॉक्सिसायक्लिन साधारण २८ दिवस द्यावे लागते आणि आठवड्यात तरतरी आली म्हणून ते थांबवणे हे आजार परतण्याचे नेहमीचे कारण आहे. गोचीड मारायला कपाशीवर फवारायचे औषध पाण्यात मिसळून कुत्र्याच्या अंगावर चोळणारी घरे मी पाहिली आहेत. असे कदापि करू नये, त्याने कुत्रा काही तासांत मरू शकतो.

दुखते आहे असे वाटले म्हणून घरातली माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नये, हेही इथेच सांगतो. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक कुत्र्याच्या जठराला भोके पाडतात आणि मूत्रपिंडे निकामी करतात. पॅरासिटामॉलही त्याला माणसाच्या हिशेबाने चालत नाही. कुत्र्यांसाठीची सुरक्षित औषधे आहेत आणि ती वजनावरून दिली जातात. दुखण्याचा संशय दाट असेल तर डॉक्टर कधी कधी काही आठवडे असे औषध देऊन वागणूक निवळते का ते पाहतात. तो मार्ग मला स्वतःला फार उपयोगी वाटतो, कारण एक्स-रेमध्ये किरकोळ दिसणारा सांधा प्रत्यक्षात बराच दुखत असतो आणि याच्या उलटही घडते.

आता लालीची बाहुली. होळी ते आखाजी हे अंतर साधारण दीड महिन्याचे, म्हणजे जवळजवळ सात आठवड्यांचे. कुत्री माजावर येऊन गेली की गाभण राहो वा न राहो, तिच्या शरीरात जवळजवळ तेच रस स्रवत राहतात आणि माजानंतर सहा ते आठ आठवड्यांनी काही कुत्र्यांमध्ये खोटी गर्भधारणा उघड होते. आचळे भरतात, कधी दूध येते, ती कोपरा उकरून बिळासारखी जागा करते आणि बाहुली, चप्पल किंवा चेंडू पिल्लू समजून सांभाळते. त्या पिल्लाजवळ येणाऱ्या दुसऱ्या कुत्रीवर ती आईच्या त्वेषाने धावून जाते. खाट ओसरीच्या ज्या बाजूला आहे तिथेच कूलर असेल, तर कूलरकडे येणारी राणी लालीच्या दृष्टीने तिच्या बिळावर चालून येते आहे. आपल्या पत्रातल्या तारखा आणि ही बाहुली यांचा मेळ इतका नेमका बसतो की लालीच्या बाबतीत मी ही शक्यता सर्वांत वर ठेवतो.

बाहुली तिच्या तोंडातून ओढून काढू नये, त्याने माणसालाही चावा बसेल. ती फिरायला गेलेली असताना बाहुली उचलावी आणि खाटेखालची जागा फळी लावून बंद करावी. आचळे पिळू नयेत, शेकू नयेत, चोळू नयेत, कारण हाताळले की दूध आणखी येते. बहुतेक वेळा हे तीन-चार आठवड्यांत आपोआप ओसरते. फारच त्रास असेल तर कॅबरगोलिनसारखे दूध आटवणारे औषध डॉक्टर देतात. एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगतो: भांडणाला वैतागून लालीची नसबंदी या आठवड्यात उरकून घेऊ नका. खोटी गर्भधारणा चालू असताना अंडाशये काढली तर ती अवस्था लांबू शकते. ती पूर्ण ओसरल्यावर, माजानंतर तीन-चार महिन्यांनी, म्हणजे पावसाळ्यात शस्त्रक्रिया करावी. पुढचा माज येण्याआधीचा तोच काळ योग्य आहे. नसबंदीने ही खोट्या गर्भधारणेची पाळी पुन्हा येणार नाही, पण दोन माद्यांमधले जुने वैर केवळ नसबंदीने मिटते असे नाही, याची जाणीव ठेवावी. नरांच्या आपसांतल्या भांडणात तिचा जो उपयोग होतो, तो माद्यांत तितका होत नाही.

घरातली परिस्थितीही यात भर घालते. आखाजीला घर भरते, झोके बांधले जातात, मुले धावतात, आमरसाची आणि पुरणाची ताटे खालीवर होतात, कुत्र्यांच्या जेवणाच्या आणि फिरण्याच्या वेळा चुकतात, त्यांची झोप मोडते. त्यात वैशाखाचा पारा ४५ अंशांवर. माणसाला सर्वांगाला घाम येतो, कुत्र्याला मात्र धापेवरच अंग निववावे लागते. म्हणून आपल्या घरात कूलरसमोरची चार हात जागा ही अन्नाइतकीच मोलाची वस्तू झाली आहे आणि ती एकच आहे. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातील पशुवैद्यकांनी एकाच घरात भांडणाऱ्या कुत्र्यांच्या ३८ जोड्यांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध केला. त्यात पाचांतल्या जवळजवळ चार जोड्या एकाच लिंगाच्या होत्या आणि सुरुवात करणारा कुत्रा बहुधा वयाने लहान किंवा घरात नंतर आलेला होता. झुंजीचे निमित्त म्हणून मालकाचे लक्ष, खाणे, सापडलेली वस्तू आणि दारावर कोणी आल्याची खळबळ या गोष्टी पुन्हा पुन्हा आढळल्या. लाली या वर्णनात तंतोतंत बसते. शिवाय दीड ते तीन वर्षे हा कुत्र्याच्या प्रौढ होण्याचा काळ आहे. पिल्लू म्हणून जे निमूट सोडून दिले जात होते, त्यावर या वयात हक्क सांगितला जातो.

शेजाऱ्यांच्या सल्ल्याविषयी स्पष्ट लिहिणे माझे कर्तव्य आहे. ‘लढू द्या, थोरली ठरेल’ या समजुतीचे मूळ लांडग्यांच्या जुन्या अभ्यासात आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली कोंडून ठेवलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांच्या वागणुकीवरून कळपातल्या वर्चस्वाचे वर्णन केले. पुढे डेव्हिड मेक यांनी मोकळ्या रानातले लांडगे वर्षानुवर्षे पाहून १९९९ साली मांडले की नैसर्गिक कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पोरे एवढेच असते, सतत मारामारी करून पद मिळवणारी टोळी नसते. आपल्या राणी-लालीला तर तो मूळ हिशेबही लागू नाही. प्रत्येक झुंजीतून त्या शिकतात ते एवढेच की दुसरी धोकादायक आहे आणि आधी चावणे शहाणपणाचे आहे. दोन माद्यांची झुंज हरजितीवर थांबेलच याचा भरवसा नसतो. एकीचा जीव जाईपर्यंत ती चाललेली मी पाहिली आहे. तसेच लालीला काठीने मारणे, तिची मान जमिनीवर दाबणे, गुरगुरली म्हणून धपाटा घालणे हे सारे बंद करावे. गुरगुरणे हा इशारा आहे. तो मार देऊन बंद केला तर चावा उरतो आणि इशारा जातो. मार राणीच्या समोर पडला तर लालीच्या मनात त्या वेदनेची सांगड राणीशी बसते, ती वेगळीच.

एवढी काळजी घेऊनही दार उघडे राहिले आणि पुन्हा झुंज लागली, तर गळपट्ट्याला किंवा तोंडाजवळ हात घालू नये. सासूबाईंना लागले ते याच रीतीने. पाण्याची बादली दोघींच्या तोंडांवर ओतावी, पातेले-परात जोराने बडवावी, किंवा पाट, खुर्ची, प्लायवूडची फळी त्यांच्या मध्ये सारावी. जाड चादर किंवा गोधडी दोघींवर टाकली तरी पकड बऱ्याचदा सुटते. काहीच चालले नाही आणि दोन मोठी माणसे हजर असतील तर दोघांनी एकाच वेळी एकेकीचे मागचे पाय मांडीपासून उचलून मागे चालत जावे आणि वळून चावता येऊ नये म्हणून अर्धवर्तुळात फिरत राहून सरळ वेगवेगळ्या खोल्यांत न्यावे. हे एकट्याने करू नये, आणि राणीचे खुबे पाहता हा उपाय अगदी शेवटचाच समजावा. नंतर ओरडणे, रडणे, समजूत घालणे काही नको. दारे बंद करून अर्धा तास जाऊ द्यावा आणि मग अंगावरून हात फिरवून केसांखालच्या जखमा शोधाव्यात. सुळ्याचे भोक बाहेरून मुगाएवढे दिसते, पण कुत्र्याची कातडी सैल असल्याने आतले मांस दूरवर फाटलेले असते आणि दोन-तीन दिवसांनी तिथे पू होतो. भोवतीचे केस कापून, फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ केलेल्या पोव्हिडोन आयोडिनने धुवावे, पट्टी घट्ट आवळू नये आणि डॉक्टरांना दाखवावे. पावसाळा लागला की अशा जखमेत माशी अंडी घालते आणि अळ्या पडतात, म्हणून राणीचा कान आत्ताच नीट भरून येणे जरुरीचे आहे.

तपासण्या झाल्या, दुखण्यावर उपचार सुरू झाले, लालीची बाहुली सुटली आणि दोघी आपापल्या खोलीत निवांत झोपू लागल्या की पुन्हा भेटवण्याचा विचार करावा, त्याआधी नाही. दरम्यान दोघींना जाळीच्या मुसक्याची सवय लावावी. मुसके बाजारातल्या कापडी पट्टीचे नको. ती पट्टी तोंड बंद करते, आणि खानदेशच्या उन्हाळ्यात तोंड बंद केलेल्या कुत्र्याला धापता येत नाही. तो उष्माघाताने जाऊ शकतो. तोंड पुरते उघडून धापता येईल आणि पाणी पिता येईल असे टोपलीसारखे, प्लास्टिकच्या किंवा तारेच्या जाळीचे मुसके घ्यावे. पहिले काही दिवस ते नुसते हातात धरून आत खाऊ ठेवावा, कुत्रीने स्वतःहून तोंड आत घालू लागावे, मग क्षणभर बंद बांधावा, मग मिनिटभर. घाई करून एकदम चढवले तर मुसकेच वैरी होते.

पहिली भेट घरात नको. पहाटे, उन्हे चढण्याआधी, डांबर गार असताना, शेताकडच्या एखाद्या रुंद आणि मोकाट कुत्री नसलेल्या वाटेवर दोन माणसांनी दोघींना घेऊन जावे. एकमेकींना पाहूनही त्या जमीन हुंगू शकतात, आपल्या हातून खाऊ घेऊ शकतात, एवढे अंतर ठेवून समांतर चालावे. ते वीस पावले असेल किंवा पन्नास. समोरासमोर आणू नये. दुसऱ्या कुत्रीकडे नजर गेली की लगेच शिजवलेल्या बिनमसाल्याच्या चिकनचा किंवा पनीरचा नखाएवढा तुकडा द्यावा, नजर वळून आपल्याकडे आली की पुन्हा द्यावा. एखादीचे अंग ताठले, शेपूट काठीसारखी उभी राहिली, पाठीवरचे केस उठले, तोंड मिटून ती टक लावून पाहू लागली, किंवा आवडता तुकडाही घेईनाशी झाली, तर अंतर कमी पडले असे समजावे आणि न रागावता वळून लांब जावे. रोज दहा-पंधरा मिनिटे पुरेत. अंतर आठवड्याच्या हिशेबाने कमी करावे, दिवसाच्या नव्हे. दोघी सैल अंगाने शेजारून चालू लागल्या की मग अंगणात, मुसके आणि दोरी लावून, आणि सर्वांत शेवटी घरात. या साऱ्याला दोन-तीन महिने लागले तर ती गती चांगली समजावी.

घरात एकत्र आल्यावरही काही गोष्टी कायमच्या बदललेल्या राहतील. जेवण वेगळ्या खोल्यांत आणि भांडी लगेच उचललेली. हाडे, चघळायच्या वस्तू, बाहुल्या मोकळ्या पडलेल्या नसाव्यात. कूलर शक्य असेल तर दोन, नाही तर राणीला दुसऱ्या खोलीत पंख्याखाली ओल्या गोणपाटाची जागा, जिथे तिच्या अंगावरून कोणी जाणार नाही. दारावरची घंटा वाजली, पाहुणे आले, फटाके उडाले, मुले खेळू लागली की दोघींना आधीच वेगळे करावे. कोणी मोठे माणूस समोर नसताना त्यांना एकत्र सोडू नये.

औषधांची गरज प्रत्येक वेळी पडत नाही. एखादी कुत्री सतत भेदरलेली किंवा टवकारलेली राहत असेल तर फ्लुओक्सेटीनसारखे औषध पशुवैद्यकांच्या देखरेखीखाली देता येते. त्याचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि ते वरच्या सरावाला पर्याय नसते. ते चालू असताना गोचिडांसाठी अमिट्राझ असलेले औषध अंगाला लावू नये वा तसा पट्टा गळ्यात घालू नये, कारण दोन्ही एकत्र आली तर जिवावर बेतू शकते. आपल्याकडे अमिट्राझ गुरांसाठी घरोघरी असते, म्हणून मुद्दाम लिहिले.

राहिला सासऱ्यांचा प्रश्न, लालीला द्यायचे का. आजच्या घडीला माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. लालीच्या भडक्याचे मोठे कारण येत्या महिन्याभरात ओसरणारे दिसते आणि राणीचे कारण उपचाराने हलके होण्यासारखे दिसते. त्याआधी निर्णय घेणे अन्यायाचे ठरेल. मात्र दर झुंजीत खोल जखमा होत असतील, कोणताही इशारा न देता हल्ला होत असेल, किंवा घरातले लहान मूल मध्ये सापडण्याची भीती असेल, तर दोघींना जन्मभर एका घरात दोन कप्प्यांत ठेवणे किंवा एकीला दुसरे घर पाहणे, हे दोनच मार्ग उरतात आणि त्यांत अपयश मानण्यासारखे काही नाही. दुसरे घर म्हणजे मळ्यातला खांब नव्हे. सातपुड्याच्या पायथ्याला यावल-रावेरच्या केळीबागांत बिबट्याचा वावर असतो आणि साखळीला बांधलेला कुत्रा हे त्याचे हमखास भक्ष्य आहे. तापीपलीकडे नेऊन सोडून देणे तर क्रूरता आहेच, शिवाय प्राण्याला उपाशी-तहानेला टाकून देणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. द्यायचीच वेळ आली तर लाली तरुण आणि माणसाळलेली आहे, तिला दुसरी मादी नसलेले घर मिळू शकेल; नसबंदी आणि लस पूर्ण करून, झुंजींची आणि सासूबाईंच्या जखमेची सारी हकिकत नव्या माणसांना स्पष्ट सांगूनच तिला सोपवावे. राणीला या वयात घराबाहेर काढण्याचा विचार करू नये.